वाईच्या घरचा जिना: टू-वे बटणांच्या जागी ऑटोमेशन (कामाच्या नोंदी)

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज

ओवाळून झालं, दादा निघाला, आणि आई वरच्या खोलीतली गादी आणायला म्हणून उठली. जाताना तिने मोबाइलची बॅटरी लावली. जिन्यात दिवा आहे, तीन ठिकाणी बटणं आहेत, तरी बॅटरी का? तर म्हणाली, "तो लावला की खालचं सगळं घर बंद पडतं. गणपतीपासून आम्ही लावतच नाही."

ऐकून चर्र झालं. गणपतीच्या आधी मीच हट्ट धरून खालच्या मजल्याला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा सुरक्षा-स्विच) बसवून घेतला होता. म्हणजे सुरक्षेसाठी बसवलेल्या वस्तूमुळे सत्तरीतली दोन माणसं दोन महिने अंधारात जिना चढत-उतरत होती. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन अजून वर्ष झालेलं नाही.

लगेच लावून पाहिला. खटकन आरसीसीबी पडला. दिवा फक्त ९ वॅटचा, एलईडी.

कारण बसल्या जागी लक्षात आलं. आरसीसीबी एवढंच बघतो की फेजमधून गेलेला करंट त्याच्याच न्यूट्रलमधून परत येतो की नाही. ९ वॅटचा दिवा २३० व्होल्टवर साधारण ४० मिलीअँपिअर घेतो. तेवढा करंट फेजने जाऊन न्यूट्रलने परत आलाच नाही, तर आरसीसीबी पडणारच. हा करंट खालून निघतो आणि परत जातो तो भलत्याच वाटेने. आरसीसीबी बरोबर आहे, वायरिंग चूक आहे.

जिना सुधारायचाच आहे, तर मनात वर्षभर घोळणारं ऑटोमेशनही याच कामात घ्यायचं ठरवलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

पुण्याहून येताना खंबाटकी घाटात तासभर गेला. वायरमन काका वेळेवर हजर. परवानाधारक आहेत, आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्यांच्या हातची, पण आमचं घर त्यांचं नाही. खालचा मजला १९९४ चा, वरचा २००३ चा, आणि दोन्हींचं वायरिंग वेगवेगळ्या माणसांनी केलेलं.

आज फक्त शोध घ्यायचा, एकही वायर बदलायची नाही, असं ठरवून बसलो. तीन बोर्ड उघडले. हाती लागलं ते असं:

जिन्याच्या पायथ्याशी टू-वे (एकच दिवा एकाहून जास्त जागांवरून लावायचं तीन टोकांचं बटण). त्याच्या कॉमनला, म्हणजे सामाईक टोकाला, खालच्या मजल्याचा फेज. तिथून दोन वायरी वरच्या मजल्याच्या बोर्डाला, तिथे चार टर्मिनलचा इंटरमीडिएट (जोडीतल्या वायरींची अदलाबदल करणारं मधलं बटण). तिथून पुन्हा दोन वायरी गच्चीच्या दारापाशी, तिथे दुसरा टू-वे. त्याच्या कॉमनवरून हाफ वायर (बटण चालू असेल तरच फेज येणारी) निघते आणि वरच्या बोर्डावरच्या जंक्शन बॉक्समधून दिव्याला जाते. इथवर सगळं पुस्तकात असतं तसं. दिव्याचा न्यूट्रल मात्र त्याच जंक्शन बॉक्समध्ये वरच्या खोलीच्या पंख्याच्या न्यूट्रलला पिळून जोडलेला. खालून न्यूट्रल आणायला वायर पुरली नसेल, किंवा पाइपात जागा नसेल. वरच्या मजल्याची लाइन मेन स्विचपासून वेगळी जाते, आरसीसीबीतून जात नाही. म्हणजे फेज खालचा, न्यूट्रल वरचा. वीस वर्षं दिवा लागत होता म्हणून कुणाला कळलं नाही.

अशा उसन्या न्यूट्रलची खरी भीती आरसीसीबी पडण्यात नाही. खालचा एमसीबी (त्या लाइनचा ट्रिप स्विच) बंद करून कुणी हा जॉइंट सोडवला आणि वरचा पंखा चालू असेल, तर न्यूट्रल समजून धरलेलं टोक पंख्यामार्फत २३० व्होल्टवर येतं. काकांनी म्हणूनच मेन स्विचच खाली ओढला आणि त्यानंतर टेस्टर लावला. टेस्टर पेटला नाही म्हणून भागत नाही, मल्टिमीटरनेही बघितलं.

वायरींचे रंग बघून डोकं फिरतं. येणाऱ्या-जाणाऱ्या जोडीतली एक लाल, एक काळी. काळी म्हणजे न्यूट्रल असं समजणाऱ्या माणसाचा हात त्या वायरीने भाजला असता. प्रत्येक टोकाला कागदी टेपवर नंबर लिहिले आणि मगच प्लेटा बंद केल्या.

१० नोव्हेंबर, रविवार

सकाळी खालचा पॅसेज. बेडरूमच्या दारापाशी एक आणि बाथरूमच्या बाहेर एक, अशा दोन टू-वे बटणांवर एक दिवा. सहज म्हणून दिवा बंद असताना होल्डरमधला बल्ब काढून टेस्टर लावला. पहिली पिन, पेटला. दुसरी पिन, तीही पेटली. बटण बंद, दिवा बंद, आणि होल्डरच्या दोन्ही पिनांना फेज!

काका म्हणाले, "ताई, ही जुनी चोरटी पद्धत. वायर वाचवायला करायचे." दोन्ही बोर्डांवर सॉकेटसाठी फेज आणि न्यूट्रल आलेलेच असतात. मग बटणाच्या एका टोकाला फेज, दुसऱ्याला न्यूट्रल, आणि कॉमनवरून एकच वायर दिव्याला. दुसऱ्या बटणाचंही तसंच. एका बटणावर फेज आणि दुसऱ्यावर न्यूट्रल असला की दिवा लागतो. दोन्हींकडे न्यूट्रल, विझतो. दोन्हींकडे फेज, तरीही विझतो, पण होल्डर पूर्ण जिवंत राहतो. शिवाय फेज आणि न्यूट्रल एकाच छोट्या बटणाच्या दोन टोकांवर, मिलिमीटरच्या अंतरावर समोरासमोर.

बाबा तीस वर्षं हा बल्ब "बटण बंद केलंय" म्हणून स्टुलावर चढून बदलत आलेत. हे लिहितानाही हात थांबतो. दिवा आजच्या आज काढून ठेवला, पॅसेजसाठी तात्पुरता सॉकेटमधला छोटा दिवा लावला.

१७ नोव्हेंबर, रविवार (पुण्याहून)

आठवडाभर आराखडा. पर्याय बरेच दिसतात, पण घरच्या माणसांकडे बघून ठरवलं की ते पटापट गळतात.

स्मार्ट बल्ब नको. भिंतीवरचं बटण कुणी बंद केलं की बल्ब मेला, मग मोबाइलवर कितीही टिचक्या मारा.

टचचे काचेचे बोर्ड नको. आई ओल्या हाताने, पिठाच्या हाताने बटण दाबते, अंधारात चाचपून दाबते. सपाट काचेवर बोटाला काहीच लागत नाही. त्यात अशा बहुतेक बोर्डांना न्यूट्रल लागतो आणि गच्चीच्या बोर्डात न्यूट्रल नाहीच.

उरलं ते बटणामागे बसणारं रिले मॉड्यूल. काडेपेटीपेक्षा छोटं, आत वाय-फायची ईएसपी८२६६ चिप आणि एक रिले, म्हणजे चिपच्या हुकमावर उघडझाप होणारं बटण. भिंतीवरची बटणं दिव्याचा करंट तोडायचं सोडून मॉड्यूलला नुसती खूण देतात. ही खूण घेण्याचे दोन प्रकार असतात आणि विकत घेताना हे वाचलंच पाहिजे. काही मॉड्यूलच्या इनपुटला फेज द्यावा लागतो. काहींच्या इनपुटला फक्त दोन टर्मिनल जोडायची असतात, तिथे फेज दिला तर मॉड्यूल जागीच जळतं. मी फेजवाला प्रकार घेतला. भिंतीतल्या त्या जुन्या वायरींत २३० व्होल्ट खेळणारच आहेत असं धरून चालणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

खरं कोडं मॉड्यूल बसवायचं कुठे याचं होतं. त्याला चार गोष्टी एका जागी लागतात: कायमचा फेज, न्यूट्रल, बटणांची खूण आणि दिव्याकडे जाणारी वायर. पायथ्याशी फेज-न्यूट्रल आहेत, पण दिव्याची वायर नाही. गच्चीपाशी दिव्याची वायर आहे, पण बाकी काही नाही. दिव्यापाशी कायमचा फेज नाही. वहीत सहा आकृत्या खोडल्या. मग बुधवारी रात्री सुचलं की टू-वे बटणांचाच आग्रह कशाला?

तिन्ही जागी बेल-पुश लावायचे. दाबलं की जोडणारं, सोडलं की सुटणारं, दारावरच्या घंटीचं साधं बटण. मग जुन्या जोडीतल्या एका वायरीत कायमचा फेज आणि दुसरीत खूण. तिन्ही बटणं समांतर, इंटरमीडिएटची गरजच संपली. मॉड्यूल वरच्या मजल्याच्या बोर्डात, जिथे सॉकेटमुळे न्यूट्रल आहे. नवीन वायर ओढायची ती फक्त या बोर्डापासून वरच्या जंक्शन बॉक्सपर्यंत, दोन मीटर. तिथे गच्चीकडून येणारी हाफ वायर तोडून बंद करायची आणि दिवा नव्या वायरीला जोडायचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही वरच्याच लाइनचे झाले की उसना न्यूट्रल आपोआप सुटला. भिंत कुठे फोडायची नाही.

एक गोष्ट मी स्वतःवर बंधनकारक करून घेतली. मॉड्यूल मेलं तरी जिना उजळला पाहिजे. त्याच बोर्डात एक साधं वन-वे बटण रिलेला समांतर. राउटर, चिप, माझं प्रोग्रॅमिंग यांतलं काहीही बिघडलं तर ते बटण दाबायचं, दिवा लागतो.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानासाठी वाईला. मत देऊन अकराच्या आत घरी, काका दुपारी मोकळे.

मेन बंद. पायथ्याच्या टू-वेचा खालचा फेज सोडवून टोक कनेक्टरमध्ये बंद केलं. दोन मीटरची पिवळी दीड चौरस मिलिमीटरची वायर स्टीलच्या तारेला बांधून पाइपातून सरकन आली, वीस वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने पाइप मात्र मोकळा ठेवला होता. काळ्या वायरींच्या दोन्ही टोकांना लाल नळी चढवली. पिळलेले सगळे जॉइंट कापून लिव्हरच्या कनेक्टरमध्ये घेतले.

एक नवीन धोका या पद्धतीने तयार होतो. पायथ्याच्या बोर्डात आता वरच्या मजल्याचा फेज आहे. खालचा एमसीबी पाडून कुणी तो बोर्ड उघडला तर फसेल. म्हणून प्लेटच्या आतल्या बाजूला आणि मेन बोर्डाच्या दारावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी: "जिन्याचं बटण वरच्या लाइनवर आहे. दोन्ही एमसीबी बंद करा." वरच्या लाइनलाही आता वेगळा आरसीसीबी बसवला.

साडेसहाला मेन वर केला. आईला म्हटलं, तू दाब. तिने दाबलं, दिवा लागला, आणि ती खालच्या मजल्याच्या दिव्यांकडे बघत उभी राहिली. ते गेले नाहीत. मग गच्चीपर्यंत जाऊन तिन्ही बटणं दोनदोनदा दाबून आली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

पहाटे तीनला दिवा आपोआप लागला, पाच मिनिटांनी विझला, पुन्हा लागला. घरात सगळे झोपलेले.

सकाळी निघण्याआधी खुणेची वायर मॉड्यूलवरून सोडवून मल्टिमीटर लावला. कुणी बटण दाबलेलं नाही, तरी ९४ व्होल्ट. ही वायर कायमच्या फेजला चिकटून एकाच पाइपातून चौदा मीटर धावते. दोन वायरी आणि मध्ये पीव्हीसी, म्हणजे लांबट कपॅसिटरच झाला. त्यातून येणारा करंट इतका क्षीण की त्यावर काहीच चालणार नाही, पण मॉड्यूलच्या इनपुटला तेवढाही पुरतो. बंद असतानाही एलईडी बल्ब मिणमिणतात, त्यामागेही बहुतेक वेळा हेच असतं.

उपाय माहीत होता, पार्ट हाताशी नव्हता. मॉड्यूलचा इनपुट सोडवून ठेवला, समांतर बटणावर जिना चालू ठेवला. आईला सांगितलं, शनिवारपर्यंत फक्त मधलं बटण.

३० नोव्हेंबर, शनिवार

मागच्या शनिवारी येणं जमलं नाही, आईला आठवडाभर जास्त थांबावं लागलं.

खुणेची वायर आणि न्यूट्रल यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ वर्गाचा कपॅसिटर, त्याच्याबरोबर १०० ओहमचा रेझिस्टर. असा तयार स्नबर मिळतो. एक्स-२ म्हणजे मेन लाइनवर लावायला बनवलेला, साधा कपॅसिटर इथे चालत नाही. ५० हर्ट्झला त्याचा अडथळा साधारण ३२ किलोओहम. चोरून येणाऱ्या करंटला ही वाट इतकी सोपी की व्होल्टेज साचतच नाही. मीटरवर ९४ चे ३ व्होल्ट झाले. बटण दाबल्यावर मात्र पूर्ण २३० येतात, तिथे फरक नाही.

दुसरी अडचण सिग्नलची. बोर्डामागचा डबा पत्र्याचा आणि मॉड्यूल तळाशी, राउटर खाली हॉलमध्ये. वाय-फाय उणे ८२ डीबीएम (शून्यापासून जितकं दूर तितका सिग्नल क्षीण), मधूनच तुटायचं. मॉड्यूल पुढे, प्लास्टिकच्या प्लेटीजवळ आणलं तर उणे ७३. तेवढं पुरलं.

रात्री पॅसेज. चोरटी पद्धत मोडली. बेडरूमच्या बोर्डात मॉड्यूल, तिथून दिव्याला जाणारी वायर आता खरी हाफ. दिव्याची दुसरी वायर बाथरूमकडच्या बोर्डात कायमची न्यूट्रलला. पण मग बाथरूमच्या बटणाकडून खूण न्यायला तांबं उरतच नाही. तिथे दुसरं मॉड्यूल बसवलं, रिले रिकामा, नुसतं बटण वाचायला. ते होम असिस्टंट या घरातली यंत्रं चालवणाऱ्या प्रोग्रॅमला सांगतं, होम असिस्टंट पहिल्या मॉड्यूलला. सगळं घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर, इंटरनेट गेलं तरी चालतं. राउटर बंद पडला तर बाथरूमचं बटण बंद, बेडरूमचं चालू. पॅसेजला एवढं मी चालवून घेतलं. जिन्याला चालवून घेतलं नसतं.

जिन्याचं धरून तिन्ही मॉड्यूलमध्ये ईएसपीहोम (चिपमध्ये घालायचा प्रोग्रॅम). बटणाची खूण ६० मिलिसेकंद टिकली तरच मोजायची.

१४ डिसेंबर, शनिवार, दत्तजयंती

गेल्या खेपेला मी जिन्याला वेळ लावून गेले होते: सूर्यास्ताला लागायचा, अकराला विझायचा, आणि अकरानंतर कुणी लावला तर दहा मिनिटांनी आपोआप विझायचा. वीज वाचवायची म्हणून.

काल रात्री बाबा गच्चीचं दार बघायला वर गेले, तिथे जरा रेंगाळले, आणि परत उतरताना सातव्या पायरीवर असताना दिवा गेला. कठडा हातात होता. ते तिथेच उभे राहिले आणि आईला हाक मारली. ती खालून बटणापाशी पोहोचेपर्यंत हलले नाहीत. मला त्यांनी सांगितलंच नसतं, आईने सांगितलं.

हिशेब मी आधी करायला हवा होता. ९ वॅटचा दिवा रात्रभर, दहा तास जळला तरी ०.०९ युनिट. महिन्याला तीन युनिटही नाहीत. एवढ्यासाठी मी चालत्या माणसाच्या डोक्यावरचा दिवा विझवत होते. दहा मिनिटांचा नियम उडवला, अकराचाही उडवला. आता सूर्यास्ताला लागतो आणि सूर्योदयाला विझतो. मध्ये विझवायचा असेल तर माणसाने बटण दाबून विझवायचा, यंत्राने नाही.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार, संक्रांत

काही झालं नाही. महिनाभर एकही तक्रार नाही. बाथरूमचं बटण एकदा राउटर हँग झाल्यामुळे चाललं नव्हतं, आईने बेडरूमचं वापरलं.

काका तिळगूळ द्यायला आले होते. शेजारच्या घरातला पॅसेज त्यांनी मुद्दाम तपासला म्हणे, तिथेही होल्डरच्या दोन्ही पिनांना फेज निघाला.

२६ मे २०२५, सोमवार (फोनवरून)

यंदा मान्सून मे महिन्यातच कोसळला. काल रात्री वाईला लाइट पाच वेळा गेली. इथे दोन गोष्टी कळल्या.

पहिली, वीज परत आल्यावर दिव्याने काय करायचं. मी "आधी होता तसा" असं ठेवलं होतं. पण ईएसपीहोम चालू-बंदची नोंद चिपच्या मेमरीत लगेच लिहीत नाही, मेमरी झिजू नये म्हणून साधारण मिनिटभराने लिहितं. आईने लावला, वीस सेकंदांत लाइट गेली आणि परत आली, तर दिवा विझलेला. पुण्यातूनच बदललं: वीज आली की जिना नेहमी चालूच. दिवसा लागला तर लागू दे.

दुसरी, मी होल्डरमध्ये बॅटरीवाला इन्व्हर्टर बल्ब लावला होता, लाइट गेली तरी जळत राहील म्हणून. तो जळलाच नाही. लाइट गेली आहे की बटण बंद केलं आहे, हे असा बल्ब आपल्या दोन पिनांमधली वाट जोडलेली आहे का यावरून ओळखतो. साध्या बटणावर वाट जोडलेलीच राहते. रिलेला मात्र धरून ठेवायला वीज लागते. लाइट गेली की रिले सुटतो, वाट तुटते, आणि बल्ब समजतो की कुणी बटण बंद केलं. आईला फोनवर सांगून समांतर बटण चालू ठेवायला लावलं. पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा बल्ब जळत राहिला. पण तसं ठेवलं की दिवा विझवताच येत नाही, म्हणून हा पावसाळ्यापुरता उपाय.

पुढच्या खेपेला करायचं: जिन्याच्या वळणावर सॉकेटला कायम लावून ठेवायचा चार्जिंगचा दिवा. एक जास्तीचं मॉड्यूल, प्रोग्रॅम घालून, चिठ्ठीसकट मेन बोर्डाशेजारच्या डब्यात, काकांना मी नसतानाही बदलता यावं म्हणून. गच्चीच्या बटणावर झड येते, प्लेटीवर पत्र्याची छोटी पडवी.

रात्री साडेनऊला आईचा पुन्हा फोन. सहाव्यांदा लाइट गेली होती, आता आली. जिना चालू आहे, बाबा वर जाऊन गच्चीचं दार लावून आले.